धातूशिवाय हायड्रोजनेशन: लॅबमध्ये प्रत्यक्ष कसं करायचं

हायड्रोजनेशन, म्हणजे रेणूत हायड्रोजन घालणं, म्हटलं की आपला पहिला हात जातो तो पॅलॅडियम ऑन कार्बनच्या बाटलीकडे, नाहीतर रॅने निकेलकडे, आणि त्यात चूक काहीच नाही, कारण साधा डबल बाँड भरायचा असेल तर त्याच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही नाही. पण अंबरनाथ, तारापूर, महाड, लोटे या पट्ट्यात एपीआय (औषधाचा मूळ घटक) प्लांटवर काम केलेल्या कुणालाही विचारा, रिॲक्शनपेक्षा त्यानंतरचं फिल्ट्रेशन जास्त टेन्शनचं असतं. हायड्रोजन धरून बसलेला कॅटॅलिस्टचा केक जरा कोरडा पडला की हवेत पेट घेतो. शिवाय औषधात धातू उरता कामा नये, आयसीएच क्यू३डी (औषधातल्या धातूंच्या मर्यादा सांगणारी आंतरराष्ट्रीय गाइडलाइन) प्रमाणे तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलॅडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि इंजेक्शनसाठी १०. त्यात बेंझिल ग्रुप किंवा ॲरिल ब्रोमाइड रेणूत असेल तर पॅलॅडियम त्यालाही हात लावतं, जो तुम्हाला शाबूत हवा असतो.

म्हणून धातू नसलेले कॅटॅलिस्ट. हा लेख एमएस्सी प्रोजेक्टवाले, पीएचडीचं पहिलं-दुसरं वर्ष चालू असलेले आणि कंपनीच्या आर ॲन्ड डीमध्ये कुणीतरी 'हे ट्राय करून बघ' म्हणून पेपर हातात दिलेला आहे अशांसाठी. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: या पद्धती खरंच चालतात, पण सब्स्ट्रेटचा (ज्यावर रिॲक्शन करायची त्या रेणूचा) स्वभाव आणि तुमच्या लॅबमधलं पाणी, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. कॅटॅलिस्ट कुठला हा प्रश्न त्यानंतरचा.

हे चालतं कसं

हायड्रोजनचा रेणू फोडायला धातूच लागतो असं खूप वर्षं धरून चाललो होतो. तसे अपवाद होते, १९६० च्या दशकात वॉलिंग आणि बोलिकी यांनी पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड वापरून बेंझोफिनोन रिड्यूस केलं होतं, पण त्याला २०० डिग्री आणि शंभर ॲटमॉस्फियरच्या वर प्रेशर लागलं, म्हणजे रोजच्या वापराला उपयोग शून्य. (पोटॅशियम हाही धातूच, त्यामुळे त्याला ट्रान्झिशन-मेटल-फ्री म्हणणं जास्त प्रामाणिक.)

खरा बदल झाला २००६ मध्ये, कॅनडातल्या विंडसर युनिव्हर्सिटीत. डग्लस स्टीफन यांच्या ग्रुपनं एकाच रेणूत एका बाजूला फॉस्फरस आणि दुसऱ्या बाजूला बोरॉन ठेवला, मध्ये फ्लोरिन लावलेली बेंझीन रिंग. हा रेणू रूम टेंपरेचरला हायड्रोजन घेतो आणि १०० डिग्रीच्या वर तापवला की सोडून देतो. कारण असं की लुईस ॲसिड (इलेक्ट्रॉनची जोडी घेणारा, इथे बोरॉन) आणि लुईस बेस (ती देणारा, इथे फॉस्फरस) एरवी एकमेकांना चिकटून ॲडक्ट बनवतात आणि थंड पडतात, पण दोघांवर इतके जाडजूड ग्रुप लावले की ते जवळच येऊ शकले नाहीत, तर दोघांचीही रिॲक्टिव्हिटी तशीच शिल्लक राहते. हायड्रोजनचा रेणू त्या दोघांच्या मध्ये आला की बेस प्रोटॉन घेतो, बोरॉन हायड्राइड घेतो, एच-एच बाँड तुटला. याला फ्रस्ट्रेटेड लुईस पेअर म्हणतात, लॅबमध्ये सगळे एफएलपी. जाड ग्रुपमुळे ॲडक्ट बनत नाही ही गोष्ट मात्र फार जुनी, एच. सी. ब्राउन यांनी १९४२ मध्येच लुटिडीन आणि ट्रायमिथिलबोरेन यांच्याबाबत ती बघितली होती. त्या उरलेल्या रिॲक्टिव्हिटीचं काय करायचं हे कळायला साठ वर्षं गेली.

पुढच्याच वर्षी कळलं की फॉस्फिन (फॉस्फरसवाला भाग) आणि बोरेन (बोरॉनवाला) एकत्र जोडायचीही गरज नाही, दोन वेगळ्या बाटल्यांतून काढून मिसळले तरी चालतात. त्याच वर्षी स्टीफन ग्रुपनं इमाइन (कार्बन-नायट्रोजन डबल बाँड असलेले रेणू) कॅटॅलिटिक पद्धतीनं रिड्यूस केले. आणि २००८ मध्ये तर फॉस्फिनही गेलं, कारण इमाइनचा नायट्रोजन स्वतःच बेस आहे. फक्त बोरेन टाका, बेसचं काम सब्स्ट्रेट करतो. स्टीफन यांच्याबरोबरच जर्मनीत आखेनच्या क्लँकरमायर यांच्या ग्रुपनंही तेव्हाच हे दाखवलं. सुरुवात करणाऱ्यासाठी सगळ्यात सोपी सिस्टीम हीच, आपण तीच करणार आहोत.

आधी सब्स्ट्रेट बघा

पेपरमधलं टेबल बघून लगेच कॅटॅलिस्ट मागवू नका. तुमच्या रेणूकडे बघून तीन प्रश्न विचारा.

भरायचा बाँड कुठला आहे? इमाइन असेल, आणि नायट्रोजनवर टर्ट-ब्युटिल, डायफिनाइलमिथिल किंवा ॲरिल असा भरदार ग्रुप असेल, तर एफएलपी उत्तम. एनामाइन, सिलिल इनॉल ईथर, २-नंबरला ग्रुप असलेले क्विनोलिन, ॲक्रिडिन हेही चांगले चालतात. ॲझिरिडिनची रिंगही उघडते. किटोन होतात पण वेगळ्या सॉल्व्हंटमध्ये, त्याबद्दल पुढे. १-हेक्सिनसारखा साधा अल्किन, तेलातले डबल बाँड, यांच्यासाठी याच्या नादी लागू नका, वनस्पती तूप निकेलवरच बनतं आणि त्याला कारण आहे.

दुसरा प्रश्न, रेणूत बोरॉनला पकडून ठेवणारं काय आहे? मोकळा ओएच, कार्बॉक्सिलिक ॲसिड, बारीक प्रायमरी अमाइन, उघडा पिरिडिन, यातलं काहीही असेल तर बोरेन तिथेच जाऊन बसतं आणि उठत नाही. नायट्राइल चालतं पण तेही आधी बोरेनशी बांधून, म्हणजे कॅटॅलिस्टचं सोडून आणखी बोरेन पूर्ण इक्विव्हॅलंट खर्च करावं लागतं. आणि डीएमएफ, डीएमएसओ यात विरघळणारा सब्स्ट्रेट असेल तर हा रस्ता बंदच समजा.

तिसरा प्रश्न, तुमच्याकडे ग्लोव्हबॉक्स (हवा आणि ओलावा नसलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) आहे का? नसेल तर आधी खालची हँट्झ एस्टरवाली पद्धत करा. तीही मेटल-फ्री आहे, आणि बऱ्याच वेळा तेवढ्यानं काम होऊन जातं.

ग्लोव्हबॉक्स नाही? मग हँट्झ एस्टर

इथे हायड्रोजनचा सिलिंडर लागत नाही. हँट्झ एस्टर हा डायहायड्रोपिरिडिन प्रकारचा रेणू, तो स्वतःकडचा हायड्राइड आणि प्रोटॉन देतो आणि स्वतः पिरिडिन बनतो, शरीरात एनएडीएच हेच करतो. (ब्लड प्रेशरच्या गोळ्यांतलं ॲम्लोडिपिन याच डायहायड्रोपिरिडिन कुटुंबातलं.) कॅटॅलिस्ट म्हणून फक्त एक ऑरगॅनिक ॲसिड. २००५-०६ मध्ये जर्मनीत रुपिंग आणि लिस्ट, अमेरिकेत मॅकमिलन यांनी कायरल (डाव्या-उजव्या रूपांपैकी एकच रूप असलेलं) फॉस्फोरिक ॲसिड वापरून इमाइन आणि क्विनोलिन यांचं असिमेट्रिक रिडक्शन असं केलं. लिस्ट आणि मॅकमिलन यांना ऑरगॅनोकॅटॅलिसिससाठी २०२१ चं नोबेल मिळालं.

एस्टर विकत मिळतो, पण घरच्या घरी, म्हणजे लॅबमध्ये, बनवणं अगदी सोपं आहे. इथिल ॲसिटोॲसिटेट ५.२ ग्रॅम (४० मिलीमोल), ३७ टक्के फॉर्मॅलिन साधारण १.५ मिली (२० मिलीमोल), अमोनियम ॲसिटेट ३ ग्रॅम, पाणी १० मिली. हूडमध्ये ८० डिग्रीला ढवळत ठेवा, तास-दोन तासात पिवळं सॉलिड पडायला लागतं. गार करा, फिल्टर, पाण्यानं धुवा, इथेनॉलमधून क्रिस्टल करा. मेल्टिंग पॉइंट १८० च्या आसपास यायला हवा. खूप खाली आला तर परत क्रिस्टल करा, घाई करू नका. अंधारात, फ्रिजमध्ये ठेवा.

आता रिॲक्शन. २-फिनाइलक्विनोलिन हा सरावाला छान सब्स्ट्रेट, स्थिर आहे आणि एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) स्वच्छ दिसतो. १०३ मिग्रॅ (०.५ मिलीमोल) घ्या, हँट्झ एस्टर ३०४ मिग्रॅ (१.२ मिलीमोल), डायफिनाइल फॉस्फेट ६ मिग्रॅ (५ मोल टक्के), कोरडं टोल्युईन ५ मिली. एस्टर दोन इक्विव्हॅलंटच्या वर का, तर क्विनोलिनच्या त्या रिंगमध्ये दोन वेळा हायड्रोजन घालायचा आहे आणि एक रेणू एकदाच देतो. नायट्रोजनखाली ६० डिग्री, रात्रभर. टीएलसीवर (रिॲक्शन तपासायच्या सिलिका प्लेटवर) हँट्झ एस्टर लाँग वेव्ह यूव्हीत चमकतो त्यामुळे तो संपत आला की लगेच कळतं. प्रॉडक्ट टेट्राहायड्रोक्विनोलिन, त्याचा सी२ वरचा प्रोटॉन एनएमआरमध्ये साधारण ४.४ पीपीएमला दिसतो, तो दिसला की झालं.

खरा त्रास कॉलमला. उरलेला पिरिडिन डायएस्टर प्रॉडक्टच्या जवळच धावतो. म्हणून कॉलम लांब घ्या, हेक्झेनमध्ये इथिल ॲसिटेट अगदी हळू वाढवा. आणि हिशोब बघा, २ ग्रॅम हायड्रोजन देण्यासाठी २५३ ग्रॅम हँट्झ एस्टर खर्च होतो. मिलीग्रॅमवर ठीक आहे, किलोवर गेलात की हाच आकडा त्रास देतो, आणि म्हणूनच हायड्रोजन गॅस थेट वापरणारी एफएलपी पद्धत शिकून ठेवायची.

बीसीएफ आणि पाण्याचा हिशोब

एफएलपीमधलं नेहमीचं बोरेन म्हणजे ट्रिस(पेंटाफ्लुओरोफेनिल)बोरेन, सगळे बीसीएफ म्हणतात. पांढरी पावडर, मॉलिक्युलर वेट ५१२. हे पाण्याला प्रचंड ओढतं. पाणी बसलं की तो ॲडक्ट चांगला स्ट्राँग ॲसिड होतो, शेजारी इमाइन किंवा अमाइन असला की प्रोटॉन त्याला देऊन टाकतो, आणि बोरॉनवर हायड्रॉक्साइड कायमचा अडकतो. मग हायड्रोजन फोडायला कोणी उरत नाही.

'सॉल्व्हंट ड्राय आहे' असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं हा हिशोब एकदा कागदावर करावा असं मला मनापासून वाटतं. ०.५ मिलीमोल सब्स्ट्रेटवर ५ मोल टक्के म्हणजे बीसीएफ ०.०२५ मिलीमोल, वजनात १२.८ मिग्रॅ. टोल्युईन २ मिली, म्हणजे साधारण १.७३ ग्रॅम. त्यात १०० पीपीएम पाणी असेल तर ते ०.१७ मिग्रॅ, म्हणजे जवळपास ०.०१ मिलीमोल. तुमच्या कॅटॅलिस्टपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास तिथेच गेला! बाटली उघडी राहून टोल्युईन पाण्यानं सॅच्युरेट झालं असेल तर साधारण ५०० पीपीएम, म्हणजे पाणी कॅटॅलिस्टच्या दुप्पट. १० पीपीएम असेल तर चार टक्के, हे चालवून घेता येतं. त्यामुळे कार्ल फिशर (पाणी मोजायची टेस्ट) केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोडियम-बेंझोफिनोनवरून डिस्टिल केलेलं किंवा सॉल्व्हंट सिस्टीममधलं टोल्युईन, त्यावर ४ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्ह, आणि त्या सीव्ह ३०० डिग्रीला व्हॅक्युमखाली रात्रभर तापवलेल्या. नुसत्या ओव्हनमधून १२० डिग्रीला काढलेल्या सीव्ह कोरड्या नसतात.

बाटलीतून आलेलं बीसीएफ तसंच वापरू नका. सब्लिमेशन (सॉलिडची थेट वाफ करून परत सॉलिड जमवणं) करा, चांगल्या व्हॅक्युमखाली ऑइल बाथ हळूहळू ८०-९० डिग्रीपर्यंत न्यायचा, कोल्ड फिंगरवर पांढरे क्रिस्टल जमतात, ते ग्लोव्हबॉक्समध्ये खरवडायचे. माल जास्तच ओला वाटला तर आधी क्लोरोडायमिथिलसिलेनबरोबर ढवळून, ते काढून टाकून मग सब्लाइम करायची पद्धत आहे, सिलेन पाणी खाऊन टाकतो.

मग फ्लोरिन एनएमआर, कोरड्या बेंझीन-डी६ मध्ये. इथे जरा थांबून नीट बघा कारण पुढची सगळी डिटेक्टिव्हगिरी याच स्पेक्ट्रमवर आहे. चांगल्या बीसीएफचे तीन सिग्नल, ऑर्थो -१२९, पॅरा -१४२ आणि मेटा -१६० च्या जवळ. लक्ष ठेवायचं ते पॅरा आणि मेटामधल्या अंतरावर. मोकळ्या बोरेनमध्ये ते १८ पीपीएमच्या आसपास असतं. बोरॉनवर कुणी येऊन बसलं की अंतर कमी होतं, पाण्याच्या ॲडक्टला ८ च्या आसपास, आणि हायड्राइड घेऊन निगेटिव्ह झालेल्या बोरेटला अवघं ३ च्या जवळ. बोरॉन एनएमआरमध्ये मोकळं बीसीएफ साठच्या जवळ रुंद सिग्नल देतं, हायड्राइड घेतलेलं -२५ ला डब्लेट. -१३९, -१५४, -१६२ असे सिग्नल दिसले तर ते पेंटाफ्लुओरोबेंझीन, म्हणजे बोरॉनवरची रिंगच तुटून गेली, तो बॅच वापरू नका.

इमाइन बनवणं

बेंझाल्डिहाइड आणि टर्ट-ब्युटिलअमाइन. अमाइन थोडा जास्त घ्या (तो ४४ डिग्रीला उकळतो, उडून जातो), डायक्लोरोमिथेनमध्ये मॉलिक्युलर सीव्ह टाकून रात्रभर, फिल्टर, सॉल्व्हंट उडवा, मग कमी प्रेशरला डिस्टिल. बेंझाल्डिहाइड मात्र ताजं डिस्टिल केलेलं हवं, जुन्या बाटलीत बेंझोइक ॲसिड झालेलं असतं. डिस्टिलेशन टाळायचा मोह होतो कारण कच्च्या मालाचा एनएमआरही चांगला दिसतो, पण त्यात उरलेला अमाइन आणि पाणी, दोन्ही कॅटॅलिस्टचे शत्रू. डिस्टिल करून ग्लोव्हबॉक्समध्ये सीव्हवर ठेवा. एनएमआरमध्ये इमाइनचा प्रोटॉन ८.३ च्या जवळ सिंगलेट.

हायड्रोजन भरणं

भांडं: जाड काचेचं ५० मिलीचं श्लेंक बाँब, टेफ्लॉनच्या स्क्रू व्हॉल्व्हचं, ओरखडा किंवा तारा पडलेलं नको. ओव्हनमधून गरम काढून थेट ग्लोव्हबॉक्सच्या अँटिचेंबरमध्ये. आत गेल्यावर बीसीएफ १२.८ मिग्रॅ, इमाइन ८१ मिग्रॅ, टोल्युईन २ मिली, नवीन मॅग्नेट. व्हॉल्व्ह बंद करून बाहेर आणा, श्लेंक लाइनला (व्हॅक्युम आणि गॅस दोन्ही देणाऱ्या नळ्यांना) लावा.

हायड्रोजन ९९.९९९ टक्क्यांचा घ्या आणि तरीही सीव्ह भरलेल्या कॉलममधून पास करा, सिलिंडर संपत आला की त्यात पाण्याचं प्रमाण वाढतं. फ्रीज-पंप-थॉ (गोठवा, व्हॅक्युम लावा, वितळू द्या) तीन वेळा. आता दोन रस्ते.

साधा रस्ता: रूम टेंपरेचरला १ ॲटमॉस्फियर हायड्रोजन भरा आणि बंद करा. एक मिलीमोल गॅस २५ डिग्रीला साधारण २४.५ मिली जागा घेतो, तुमच्याकडे ४८ मिली मोकळी जागा आहे, म्हणजे जवळपास २ मिलीमोल हायड्रोजन, लागणार अर्धा मिलीमोल. पुरतो. रिॲक्शन हळू होते एवढंच. पहिल्यांदा करताना हाच रस्ता घ्या.

दुसरा रस्ता: बाँब लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून, पूर्ण व्हॅक्युम केल्यावर १ ॲटमॉस्फियर हायड्रोजन भरायचा. ७७ केल्विनला भरलेला गॅस रूम टेंपरेचरला आला की प्रेशर जवळपास चौपट होतं, ८० डिग्रीला तापवल्यावर टोल्युईनची वाफ धरून ५ ॲटमॉस्फियरच्या आसपास. रिॲक्शन खूप जोरात चालते, पण यात माणसं जखमी होऊ शकतात म्हणून स्पष्ट सांगतो. काच त्या प्रेशरला रेटेड असल्याचं कागदावर हवं, पुढे पॉलीकार्बोनेट शील्ड हवी, चेहऱ्यावर फेसशील्ड हवी. आणि बाँबमध्ये आर्गॉन उरलेला असताना लिक्विड नायट्रोजनमध्ये कधीच बुडवायचं नाही. आर्गॉन ८७ केल्विनलाच द्रव होतो, आत गुपचूप साठत जातो आणि गरम व्हायला लागल्यावर भांडं फुटतं. हवा आत गेली तर ऑक्सिजन द्रव होतो, निळसर दिसतो, तो तर टोल्युईनबरोबर स्फोटकच. लॅबमध्ये एकटे असताना हे करू नका.

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या मध्ये कुठेही पेट घेतो आणि त्याची ज्वाळा उजेडात दिसत नाही, हे पॅलॅडियमवाल्यांना माहीत असतंच, पण 'मेटल-फ्री आहे म्हणजे सेफ' असं समजून काही जण हूडचा सॅश वर ठेवून काम करतात. गॅस तोच आहे.

स्टीलचा ऑटोक्लेव्ह असेल तर प्रेशरची चिंता मिटते, मात्र आत काचेचा लायनर घाला. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं, आणि आधी त्याच भांड्यात कुणी पॅलॅडियम वापरलं असेल तर तुमचा 'मेटल-फ्री' दावा तिथेच संपला.

तापवणं, बघणं, अडकलं तर काय

८० डिग्री, ढवळणं जोरात, कारण हायड्रोजन टोल्युईनमध्ये फार कमी विरघळतो. टर्ट-ब्युटिल इमाइनला ८० पुरतं, डायफिनाइलमिथिलसारख्या सब्स्ट्रेटला १२० पर्यंत जावं लागतं. वेळ घड्याळावर ठरवू नका, रात्रभर ठेवा आणि सकाळी एनएमआर बघा. ८.३ चा सिंगलेट गेला आणि ३.७ ला बेंझिल सीएच२ आला की काम झालं.

गरम का करावं लागतं हे समजून घेतलं तर पुढचे अंदाज बरोबर येतात. हायड्रोजन फुटणं बऱ्याचदा रूम टेंपरेचरलाही होतं, इमिनियम (प्रोटॉन घेतलेला इमाइन) आणि हायड्रिडोबोरेट (हायड्राइड घेतलेलं बोरेन) बनतात, हायड्राइड कार्बनवर जातो, अमाइन तयार. पण तो अमाइन बोरॉनला चिकटून बसू शकतो आणि त्याला सोडवायला उष्णता लागते. टर्ट-ब्युटिलसारखा जाड ग्रुप असेल तर तो लवकर सुटतो, नायट्रोजनवर मिथिल असेल तर सुटतच नाही. म्हणून सुरुवातीला म्हटलं नायट्रोजनकडे बघा.

रिॲक्शन चाललीच नाही तर मिश्रणाचा फ्लोरिन एनएमआर काढा. पॅरा-मेटा अंतर ३ च्या जवळ आणि बोरॉन -२५ ला डब्लेट, म्हणजे हायड्रोजन फुटलाय पण पुढे जात नाही, तापमान वाढवा. अंतर मधलंच आणि बोरॉन शून्याच्या आसपास कुठेतरी, म्हणजे पाणी किंवा अमाइन बसलाय, कोरडेपणा तपासा. अंतर अजून १८ आणि इमाइन तसाच, म्हणजे हायड्रोजनच आत गेलेला नाही, लाइन किंवा व्हॉल्व्ह बघा. हा एक स्पेक्ट्रम काढायला फार वेळ लागत नाही आणि आठवडाभराचं अंधारात चाचपडणं वाचतं. परत करून बघू म्हणून तीच रिॲक्शन तशीच लावणारे बघितले की वाईट वाटतं.

वर्कअप सोपा आणि इथेच या पद्धतीचं खरं सुख आहे, पेटणारा केक नाही. गार करा, हूडमध्ये हळू प्रेशर सोडा, नायट्रोजननं फ्लश करा. टोल्युईन उडवा, पण प्रॉडक्ट व्होलाटाइल आहे, रोटाव्हॅपवर विसरून जाऊ नका. सगळ्यात स्वच्छ पद्धत म्हणजे ईथरमध्ये घेऊन त्यात एचसीएलचं ईथर सोल्युशन टाकायचं, अमाइन हायड्रोक्लोराइड पांढरं खाली पडतं, बोरॉनचा कचरा वर राहतो. तो कचरा हॅलोजनेटेड वेस्टमध्ये, सिंकमध्ये नाही.

किटोन, अल्काइन आणि कायरल प्रकरण थोडक्यात

किटोनचं बरीच वर्षं जमत नव्हतं कारण बनलेलं अल्कोहोल बोरेनला मारतं. २०१४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या ॲश्ली आणि फुख्टर यांनी आणि टोरांटोला गेलेल्या स्टीफन यांनी एकाच सुमारास दाखवलं की ईथर सॉल्व्हंट घेतला तर होतं, एकांनी डायॉक्सेन घेतलं, दुसऱ्यांनी डायइथिल ईथर. सॉल्व्हंटच बेस होतो, आणि अल्कोहोलला बोरॉनवरून हटवायलाही मदत करतो. इमाइनवर हात बसल्यावरच याच्याकडे या.

पाण्याला थोडं सहन करणारी बोरेनही आहेत, बुडापेस्टच्या टिबोर शोश यांच्या ग्रुपनं रिंगवर फ्लोरिन कमी करून किंवा जाड ग्रुप घालून बोरॉनच्या आसपासची जागाच आवळली, मोठे रेणू आणि पाणी आत शिरेना, हायड्रोजन मात्र शिरतो. त्यांची सिंथेसिस तुमच्या हातात असेल तर ती जास्त माफ करणारी आहेत. अल्काइनला थांबवून सिस अल्किनवर आणायचं असेल तर हेलसिंकीच्या रेपो यांच्या ग्रुपचा २०१३ चा अमिनोबोरेन बघा, लिंडलार कॅटॅलिस्टमधल्या शिशाशिवाय तेच काम. कायरल अमाइन हवा असेल आणि तुम्ही नवखे असाल तर माझा सल्ला फॉस्फोरिक ॲसिड आणि हँट्झ एस्टर, कायरल बोरेन नाही.

मेटल-फ्री आहे हे दाखवायचं कसं

हा भाग बरेच जण शेवटी करतात, खरं तर पहिल्या रिॲक्शनबरोबर करायला हवा. २०२१ च्या सुरुवातीला नेचर कॅटॅलिसिसमध्ये एक पेपर आला, अमाइन वापरून पॅलॅडियमशिवाय सुझुकी कपलिंग (दोन कार्बनचे तुकडे जोडणारी, एरवी पॅलॅडियमवर चालणारी रिॲक्शन). वर्ष संपायच्या आत तो मागे घ्यावा लागला, कारण अमाइन बनवताना वापरलेलं पॅलॅडियम त्यातच अडकून राहिलं होतं आणि खरं काम तेच करत होतं. ग्राफिनवाल्या 'मेटल-फ्री' कॅटॅलिस्टमध्ये ग्राफिन ऑक्साइड बनवायच्या हमर्स पद्धतीतल्या परमँगनेटचं मँगनीज सापडलेलं आहे. आणि तुमचा टेफ्लॉनचा मॅग्नेट, तो वर्षानुवर्षं वापरून ओरखडे पडलेला असतो, त्या ओरखड्यात आधीच्या रिॲक्शनचा धातू बसतो आणि धुवून जात नाही, २०१९ मध्ये रशियातल्या अनानिकोव्ह यांच्या ग्रुपनं हे मायक्रोस्कोपखाली दाखवलं.

त्यामुळे नवीन मॅग्नेट, नवीन किंवा ॲक्वा रेजियानं धुतलेली काच, आणि सोबत चार रिॲक्शन: बोरेन नाही बाकी सगळं, हायड्रोजनऐवजी आर्गॉन, बोरेनऐवजी आधीच पाणी घालून मारलेलं बोरेन, आणि हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम. शेवटची सगळ्यात बोलकी. ड्युटेरियम घेतलं तर ३.७ चा सिग्नल दोनाऐवजी एका प्रोटॉनचा होतो आणि १:१:१ ट्रिपलेट दिसतो, म्हणजे कार्बनवरचा नवा अणू गॅसमधूनच आलाय, सॉल्व्हंटमधून नाही. मारलेल्या बोरेनची रिॲक्शन तशीच पुढे गेली तर समजा काम बोरेन करतच नव्हतं.

मग आयसीपी-एमएस (धातूचा अगदी सूक्ष्म अंश मोजायची टेस्ट). बोरेनचा बॅच, इमाइन आणि संपलेलं मिश्रण, तिन्ही वेगवेगळे पाठवा. कॉलेजमध्ये मशिन नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सेंटरमध्ये बाहेरच्यांचे सँपल फी भरून घेतात, पॅलॅडियम, निकेल, ऱ्होडियम, रुथेनियम, प्लॅटिनम आणि इरिडियम यांचे आकडे मागा, कुठलं मशिन आणि डिटेक्शन लिमिट किती ते आधी विचारा, पीपीएमपर्यंतच बघणाऱ्या मशिनवर 'नॉट डिटेक्टेड' आलं तर त्याचा अर्थ फारसा होत नाही. ५ मोल टक्के बोरेनसमोर मिश्रणात पॅलॅडियम किती मोल टक्के असू शकतं हे त्या लिमिटवरून काढा आणि तेवढं पॅलॅडियम मुद्दाम घालून, बोरेनशिवाय, एक रिॲक्शन लावा. ती चालली नाही तर रिपोर्टमध्ये आकड्यासकट लिहा, सोबत बोरेनचा बॅच नंबर, सब्लिमेशनची तारीख आणि टोल्युईनचं कार्ल फिशर रीडिंगही.